वर्षाची ज्वारी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालून ती कोठीत भरली. भेटायला आलेली माणसं विचारायची, शेवटी काय बोलल्या? काय बोलणार? "पोत्याचं तोंड नीट धरा, सांडाय लागलंय," म्हणाली. नवी ज्वारी आली होती. अंगणात जुनं लुगडं अंथरून तिनं दाण्याला चांगलं ऊन दिलं होतं. वाळलेला पाला हातानं चुरायचा, एक थर दाण्याचा, एक थर पाल्याचा, असं चाललं होतं. मी पोतं कलतं करायचं आणि तिनं ओतून घ्यायचं. जन्मभर मी मार्केट यार्डात हमाली केली, पाठीवर पोती घेऊन ट्रकच्या ट्रक भरले, पण घरच्या पोत्याचं तोंड मला कधी धरता आलं नाही. "इतकी वर्सं पोती उचलली का नुसती बगत बसला?" म्हणाली. मी म्हटलं, "उचलायचे पैसे मिळतात, धरायचे कोण देतंय?" हसली. कोठीचं झाकण लावलं, पदरानं तोंडावरची धूळ पुसली आणि "जरा पडते, पाठ भरून आलीया" म्हणून आत गेली. चहाच्या वेळेला हाक मारली तर उठली नाही.

एवढंच झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि मी सांगायचं सोडतही नाही.

आता परत ज्वारी आली आहे. शिमगा जवळ आला की सोलापूरची हवा बदलते. सकाळी अजून घोंगडं सोडवत नाही, पण उन्हं वर चढली की सिमेंटच्या रस्त्यावर पाय टेकवत नाही. यार्डाकडून वारा आला की त्याला नव्या ज्वारीचा वास असतो. ज्यानं हे काम केलं नाही त्याला तो वास कळायचा नाही. थोडा दुधासारखा, थोडा मातीसारखा आणि त्यात भुसाची खाज. ही खाज मानेवर बसते, पापण्यांवर बसते, आंघोळ केली तरी कानामागं राहते. काम सोडून इतकी वर्षं झाली तरी तो वास आला की माझे खांदे आपोआप वर होतात. पोतं अंगावर येणार आहे असं अंगालाच वाटतं.

औंदा मात्र तो वास आला आणि मी दार लावून घेतलं. कारण वर्ष होत आलं होतं.

त्याचं असं. ही गेली तेव्हा तेराव्याला पाहुणे जेवून गेले, भांडी पालथी पडली, आणि माझा मुलगा सतीश माझ्यासमोर येऊन बसला. तो पुण्याला कंपनीत आहे, त्याची बायको मनीषाही नोकरी करते. म्हणाला, "आबा, आता हितं एकटं ऱ्हायचं न्हाय. आमच्यासंगं चला, कायमचं." मी म्हटलं, "वर्ष होऊ दे. मग बघू." बाईच्या जागेवर वर्षभर दिवा तर लावला पाहिजे. हे कारण त्याला मोडता आलं नाही. कोठीतली थोडी ज्वारी पाहुण्यांच्या भाकरीत गेली होती. उरलेली त्यानं गाडीत घातली. "तुमी काय करणार एवढ्या ज्वारीचं? किडे पडतील," म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. पण कोठी रिकामी झाली, आणि रिकाम्या पत्र्याच्या कोठीवर नुसतं बोट लागलं तरी ती बोंबलते.

एक डबा तेवढा राहिला. नवी ज्वारी कशी निघाली ते बघायला तिनं कोठी भरायच्या आदल्या दिवशी थोडी गिरणीतून दळून आणली होती. तो पिठाचा डबा ओट्याखाली होता. कोणाच्या लक्षात आला नाही. माझ्या आला, पण मी बोललो नाही.

आमच्यात वर्षाची ज्वारी भरणं म्हणजे नुसतं धान्य घेणं नव्हे. ज्यानं सुगीला ज्वारी भरली त्यानं सांगून टाकलं की पुढच्या सुगीपर्यंत ह्या घरात चूल आहे. ज्यानं नाही भरली त्याचं घर मोडलं. भाड्यानं राहणारीही माणसं घर सोडायचं ठरलं की त्या वर्षी ज्वारी भरत नाहीत, किलोकिलोनं आणतात. त्यामुळं सतीशनं कितीही फोन केले तरी खरा सवाल यार्डातच होता. पोती येऊन पडली होती आणि मी रोज त्यांच्या बाजूनं मान खाली घालून जात होतो.

यार्डामागं एक चिंच आहे. तिच्या खाली तीन दगड मांडलेले असतात. बाजारच्या दिवशी आम्ही जुने हमाल तिथं जमतो. पूर्वी बरेच होतो. आता सिद्राम, इस्माईलभाई, मी आणि कधी आला तर एखादा. तिथं बाजार आमटी होते. तूर, मूग, मसूर, हरभऱ्याची डाळ, जी मिळेल ती एका भगुल्यात. लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट, काळा मसाला. तेल असं की वर लाल तर्री यायला पाहिजे. खाताना डोक्यातनं घाम निघाला नाही तर ती आमटी नव्हे. आमटी तिथं शिजते, भाकरी मात्र ज्यानं त्यानं घरनं आणायची.

आणि एक रीत आहे. कुणी घातली माहीत नाही, आम्ही लागलो तेव्हापासून आहे. सगळ्यांच्या भाकरी एका फडक्यावर मांडायच्या आणि आपल्या घरची आपण खायची नाही. दुसऱ्याची उचलायची. त्यामुळं कुणाच्या घरात काय चाललंय ते फडक्यावर कळायचं. भाकरी जाड आली की घरात भांडण आहे. काठ करपला की बाईच्या कडेवर लहान पोर आहे. बारकी झाली की महिना सरत आलाय. कोणी काही बोलायचं नाही. आमटीत चुरायची आणि खायची.

आमच्या हिच्या भाकरीवर सगळ्यांचा डोळा. पातळ, एकसारखी, वरचा पापुद्रा असा सुटलेला की बोट घातलं तर आत वाफ. सिद्राम अक्कलकोटकडचा, खायला दांडगा. तो भगुलं उतरायच्या आधीच तिची भाकरी मांडीवर घेऊन बसायचा. इस्माईलभाई म्हणायचे, "अरे बेशरम, दो तो उधर रख." सिद्राम म्हणायचा, "वैनींनी माज्यासाटीच धाडल्यात, ह्याला इचारा." मी कुणाची तरी जाड भाकर चुरत बसलेला असायचो.

संध्याकाळी घरी आलो की ती विचारायची, "माझी कुणी खाल्ली?"

"सिद्रामनं."

"सगळ्या?"

"इस्माईलभाईंना एक मिळाली."

"मग त्या सिद्रामला सांगा, पोट फुटलं तर हिकडं येऊ नको म्हणावं." आणि मग हसत आत जायची. तिला ते पुरायचं.

एकदा मी डब्यातून थोडी आमटी घरी आणली. तिनं चाटून बघितली. तोंड वाकडं केलं. "मसाला जाळलाय. आन मीठ कोण घालतं, तो सिद्राम का? हात का फावडं?" मी म्हटलं, "तू करून दाखव." दुसऱ्या दिवशी केली. सगळं तेच घातलं, उलट चांगलं घातलं. मी खाल्ली. छान होती. पण ती नव्हती. तिला कळलं, तोंडावरून सगळं कळायचं तिला. म्हणाली, "तितं आमटीत चार टाळकी लागतात. ती मी कुटनं आणू?" आणि पुन्हा कधी ती आमटी घरात केली नाही. घरचं वेगळं. शेंगदाण्याची चटणी उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. भोगीची भाजी. आजारी असलो की कण्या आणि ताक. सतीश लहान होता तेव्हा त्याच्यासाठी भाकरीच्या पिठातला एक गोळा बाजूला काढून त्याची चिमणी करून तव्याच्या कडेला भाजायची. त्यात ना चव ना काही, पण ते पोर त्यासाठी चुलीपुढनं हलायचं नाही.

बाहेरचं खाणं बाहेर गोड, घरचं घरात. दोन्ही एकाच पिठावर चालत होतं, हे मला तेव्हा दिसलं नव्हतं.

ती गेल्यावर, दिवा शेजारणीवर सोपवून, सतीश मला महिनाभर पुण्याला घेऊन गेला होता. वाईट काही नव्हतं. खोली वेगळी, गादी मऊ. वर सहाव्या मजल्यावर वारा चांगला. एका शनिवारी त्यांचे मित्र भेटणार होते, मलाही नेलं. थंडगार हॉटेल, दिवे मंद, माणसं हळू बोलणारी. सतीशच्या मित्रांनी कौतुकानं विचारलं, "आबा, तुम्ही काय घेणार?" मी म्हटलं भाकरी. आली. टोपलीत आली, कागदात गुंडाळून, वर लोणी. आणि सुरीनं कापून चार तुकडे केलेली. मी आयुष्यात कापलेली भाकरी बघितली नव्हती. भाकरीला सुरी लावतात का? एक पोरगा म्हणाला, "कशी आहे आबा? इथली एकदम अस्सल असते." मी म्हटलं, "पेशंटला बरी." ते सगळे हसले. सतीश हसला नाही. गाडीत मनीषा पुढं बसली होती, ती खिडकीतनं बाहेर बघत राहिली. सतीश गाडी चालवत एवढंच बोलला, "आबा, चार लोकांत जरा…" आणि वाक्य सोडून दिलं. मी म्हटलं, "मला परत सोलापूरला सोड."

परत आलो आणि बाजारचा दिवस आला. भाकरी कुठून नेणार? आमच्याकडं आता विकत भाकरी मिळतात. बाया करतात, पिशवीत घालून देतात. घेतल्या. चिंचेखाली गेलो, फडक्यावर मांडल्या. सगळ्या एकाच मापाच्या. सिद्राम खाली वाकून बघायला लागला आणि त्याच्या तोंडातून निघून गेलं, "यप्पा! ह्या भाकरी हायत का पुठ्ठं?"

निघून गेलं त्याच्या तोंडातून. माझ्याकडं बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. इस्माईलभाई त्याच्यावर ओरडले, "चुप बैठ. काइकू बोलताय? उसका चूल्हा बंद हुवा, मालूम नै क्या तेरेकू?" सिद्रामनं कान धरला. "चुकलं गड्या. वैनींची आठवण आली म्हून…" मी म्हटलं, "खा रं मुकाट्यानं."

जेवण झालं. पण उठताना फडक्यावर माझ्या भाकरी तशाच होत्या. कुणी मुद्दाम नाही केलं. हात गेला नाही, एवढंच. इस्माईलभाईंनी शेवटी एक उचलली, अर्धी मोडली, बळंच चावत राहिले. आपल्या घरची आपण खायची नाही आणि दुसऱ्या कुणी खाल्ली नाही, तर त्या भाकरी कुणाच्या? पिशवीत घालून परत आणल्या. वाटेत कुत्र्याला घातल्या. पुढच्या बाजारला गेलो नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. इस्माईलभाईंनी पोरीकडनं फोन लावून घेतला, मी उचलला नाही.

मग मी हॉटेलात जेवायला लागलो. ह्यातला फरक ज्याला कळलाय त्यालाच कळलाय. घरी भाकरी असताना बाहेर खाणं म्हणजे चैन. घरी काही नाही म्हणून बाहेर खाणं म्हणजे औषध घेतल्यासारखं. समोर अनोळखी माणूस बसतो, त्याच्या पाण्याचा पेला आपल्या ताटाला लागतो, तो फोनवर बोलतो. पोऱ्या विचारतो, "आजोबा, आजून काय?" आजून काय म्हणजे ऊठ. मी उठायचो.

एक दिवस ठरवलं की भाकरी आपणच शिकायची. ओट्याखालचा डबा काढला. वर जाळी धरली होती. चाळलं, किडे निघाले, ते टाकले. परात घेतली. पाणी घातलं, मळलं. हाताला पीठ येत होतं आणि सुटत होतं. थापायला घेतली की काठाला भेगा, उचलली की परातीतच दोन तुकडे. तव्यावर टाकली तर तिसरा. मी म्हटलं, हात नवा आहे, येईल. दुसऱ्या दिवशी परत. तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पोती उचलून उचलून माझे हात लाकडाचे झालेत, ह्या हातांना भाकरी कशी कळावी, असं वाटायला लागलं. तुकडे तसेच भाजायचो, दुधात चुरून खायचो. खवट लागायचं. तेही मी माझ्याच खात्यावर घातलं. वाटलं, मळण्यातच काहीतरी बिघडवत असणार.

एकदा असाच परातीत हात घालून बसलो होतो, तवा गॅसवर होता, त्याला पुसायचं फडकं ओट्यावर होतं. फडक्यानं कधी पेट घेतला कळलं नाही. धूर झाला. शेजारची नरसम्मा धावत आली, बादलीभर पाणी ओतलं. विणकराची बायको, आवाज मोठा. "अय्यो आप्पा, मरायचंय का तुमाला? आमालाबी घेऊन मरायचंय?" मी म्हटलं, "काय झालं न्हाय, ओरडू नको." तिनं ओरडायचं थांबवलं आणि सतीशला फोन केला.

सतीशचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज शांत होता. त्याचीच मला भीती वाटली. "आबा, वर्षश्राद्धाला आमी येतोय. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुमी आमच्यासंगं येताय. गॅस मी परत करून टाकतो. आता बघू-बिघू काय न्हाय." त्यानं विचारलं, "ऐकताय न्हवं?" मी म्हटलं, "ऐकतोय."

त्याचंही चुकत नव्हतं. उद्या मी जळून मेलो असतो तर माणसांनी त्यालाच विचारलं असतं, बाप एकटा का ठेवला? हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून जास्त राग येत होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. यार्डावरनं येताना नव्या ज्वारीच्या थप्प्या दिसायच्या. पोत्याच्या फटीतून चार दाणे बाहेर आलेले, चिमण्या टिपत असलेल्या. मी पाय उचलून चालायचो.

श्राद्ध झालं. घास ठेवला, कावळा लवकर शिवला. लोक म्हणाले, बाईचं काही मागं राहिलं नाही. लोकांना काय माहीत. संध्याकाळी घरात आम्ही तिघंच उरलो. सतीशनं माझी पेटी काढली आणि माझे सदरे घड्या करून भरायला लागला. मनीषा ओट्यापाशी भात टाकू का विचारत होती.

मी म्हटलं, "थांब. मी भाकरी करतो."

सतीशचा हात पेटीतच थांबला. "आबा, कशाला? ऱ्हावू द्या."

"उद्या न्यायचंय न्हवं? मग आज ह्या घरात मी भाकरी करणार. बस तितं."

डबा काढला. तळाला थोडंच पीठ उरलं होतं. मी मळायला बसलो. दोघं बघत होते. आयुष्यात इतकी माणसं बघत असताना पोतं घेऊन फळीवरनं चढलोय, कधी पाय हलला नाही. त्या दिवशी परातीवरनं नजर वर केली नाही. थापली. काठाला भेग आली. पाण्याचा हात लावून बुजवली, दुसरीकडं आली. उचलायला गेलो आणि भाकरी मधोमध तुटून परातीत पडली.

"बगितलं?" सतीश म्हणाला. चिडून नव्हे, थकून म्हणाला. "आबा, हे न्हाय जमायचं तुमाला. आन का जमावं? आमी हाय की. कशासाटी ही जिद्द?"

मी दुसरा गोळा घेतला. तोही तुटला.

"आबा, पुरे!"

मनीषा काही न बोलता खाली बसली. तिचं माहेर खेड्यातलं, पण मी तिला कधी भाकरी करताना बघितलं नव्हतं. तिनं परातीतलं थोडं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं. नाकाशी नेलं. मग माझ्याकडं बघितलं.

"मामा, हे पीठ कधीचं हाय?"

मी डबा पाठीमागं सरकवला.

"ह्याची विरी गेलीय. ह्याला धरच न्हाय. ज्वारीचं पीठ महिनाभर ऱ्हात न्हाय, आन हे…" तिनं परत वास घेतला. "मामा, तुमचा हात बराय. पीठच मेलंय."

बाहेर नरसम्माच्या नवऱ्याचा माग खटखटत होता. दाण्याला पाला लावला की वर्ष निघतं, मला एवढंच ठाऊक. मी दाण्याचा माणूस. पोत्यातला दाणा टिकतो, दळला की टिकत नाही, हे मला कुणी सांगायची वेळच आली नव्हती. घरात पीठ संपायच्या आत नवं येत होतं.

सतीशला कळलं. त्याचं तोंड बदललं. "आईनं दळून आणलेलं?" मी मान हलवली.

"वर्षभर ठिवलं तुमी?"

"मग काय टाकून देऊ?"

"आबा, अवं आई गेली!" एकदम ओरडला तो. वर्षात पहिल्यांदा ओरडला. तेराव्याला नाही, श्राद्धाला नाही, सगळं व्यवस्थित केलं होतं पोरानं. "आई गेली. ह्या डब्यात न्हाय ती. किडं खाताय तुमी, किडं! आन मी तितं ऑफिसात बसून रोज इचार करतो, आज काय खाल्लं असंल, आज काय पेटवलं असंल…" तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मी पण उठणार होतो. उठून काय करणार होतो माहीत नाही, कदाचित डबा बाहेर फेकणार होतो. मनीषानं गॅस लावला आणि पातेल्यात पाणी ठेवलं. म्हणाली, "भांडण मागनं करा. पाणी उकळू द्या. विरी गेलेल्या पिठाला उकळत्या पाण्यात उकड काढली की भाकरी धरती. माजी आजी करायची. हे आज संपवून टाकू. मामा, तुमी थापा, मी भाजते."

तिनं उकड काढली. झाकण ठेवलं. मग गरम गोळा माझ्या हातात दिला. चटका बसला, पण पीठ हाताला आलं. मी थापायला लागलो. परातीत भाकरी फिरायला लागली. थापता थापता ती फिरते, हे मला माहीत नव्हतं. काठ वेडावाकडा होता, पण तुटला नाही. उचलून तिच्या हातावर ठेवली, तिनं तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. फुगली नाही. एका कडेला थोडी उठली, एवढंच.

डबा खरवडून खरवडून पीठ घेतलं. तळाशी राहिलं ते मनीषानं हातानं पुसून घेतलं. आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवलो. चटणी, दही, कांदा फोडलेला. भाकरी खवट होती. कडवट म्हणावं इतकी. सतीशनं एक संपवली आणि हात पुढं केला, दुसरी घेतली. खाली मान घालून खात होता, चावत नव्हता, गिळत होता. मनीषानंही तिची संपवली. तिला काय गरज होती? तिनं सासूच्या हाताखाली कितीसे दिवस काढले होते? पण ताटात कण ठेवला नाही तिनं.

हात धुताना सतीश म्हणाला, "आबा, सकाळची गाडी हाय." आवाजात जोर नव्हता, पण बोलला. मी म्हटलं, "म्हाईत हाय." पेटी भिंतीशी तशीच उघडी होती. ती कुणी मिटली नाही आणि कुणी पुढं भरलीही नाही.

सकाळी उठलो. तोंड धुतलं. दोघं उठायच्या आत सदरा चढवला, टोपी घातली. दार उघडताना कडी वाजली, सतीश जागा झाला. "आबा, कुटं? गाडी…" मी म्हटलं, "तुमी च्या घ्या. येतो मी."

यार्डात दिवस उजाडता उजाडता गडबड असते. लिलाव सुरू व्हायचा होता. थप्प्यांच्या मधून चालत गेलो, ह्या वेळी मान वर करून. ज्याच्याकडनं आम्ही दरवर्षी घ्यायचो तो अडत्या गल्ल्यावर अगरबत्ती लावत होता. मला बघून हात जोडले त्यानं. वर्ष झालं हे त्यालाही माहीत होतं. हळूच म्हणाला, "या आबा. दरसालासारखंच घालायची?"

दरसालासारखी किती, ते ती सांगायची. मी पोतं उचलायचो. आज तो माझ्याकडं बघत होता.

मी विचारलं, "एका माणसाला वर्साला किती लागती रं?"

त्यानं अगरबत्ती खोचली, हात पुसले. म्हणाला, "तुमीच सांगा आबा. मानूस किती खातोय त्याच्यावर हाय."

मी थप्पीवर हात ठेवून उभा राहिलो. ताग हाताला टोचत होता. म्हटलं, "एका माणसाची घाल. आन बाजारच्या दिवशी चिंचेखाली चौघांत मांडायच्या भाकरीची वर धर."

"घरी धाडू?"

"धाड. कवाबी धाड," मी म्हटलं. "मी घरीच हाय."